दहा इंच आखूड

ब्रह्मपुरी, ७ नोव्हेंबर २०२५

दिव्यानी,

जयभीम. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे फाडायला घेशील. तरी आधी वाच, कारण कामाचं आहे. माझा नंबर ब्लॉक करून तुला सहा वर्षं झाली. पोस्टमनला काही ब्लॉक करता येत नाही, म्हणून हा मार्ग.

आरमोरीला इंदुताई म्हणून एक रिटायर मुख्याध्यापिका आहेत. त्यांनी आणि त्यांच्या गुणवंतरावांनी नवं घर बांधलं. नऊ खिडक्या, तीन दारं, सागाचा दिवाण, सोफा, शिवाय गुणवंतरावांची आरामखुर्ची. सगळं मापानं शिवून पाहिजे, बाजारातलं तयार एक उशीसुद्धा नको. मी कापडाच्या नमुन्यांची पुस्तकं घेऊन तीनदा जाऊन आले. इंदुताईंना पिकल्या धानाचा रंग हवा आणि तो कोणत्याच पुस्तकात नाही. गुणवंतरावांचं वेगळंच. घरामागे शेत आहे, शेतामागे जंगल. म्हणाले, "मांगच्या खिडकीले जाडा पडदा लावजा, अस्तराचा. वाघ फिरून राह्यला तिकडे." मी म्हटलं, "पडद्यानं वाघ थांबते काय, भाऊ?" तर म्हणाले, "वाघ नाई थांबत. मी पाह्यचा थांबतो."

हसत खेळत काम ठरत आलं होतं. तेवढ्यात इंदुताई बोलल्या, "गडचांदूरले माह्या भाचीकडे पडदे पाह्यले मी. खाली कोसा रेशमाची पट्टी, दहा इंचाची. दिव्यानीनं शिवले म्हणते. मले तसेच पाह्यजे. अन् कापणी तिचीच पाह्यजे. तुम्ही दोघी एकाच दुकानात होत्या ना पह्यले?"

"होतो," म्हटलं मी, आणि हसले. ते हसू घरी येईपर्यंत तोंडावर तसंच राहिलं, गाल दुखले.

तर ये. दोन दिवसांचं काम आहे. येण्याजाण्याचं मी बघेन, राहायला माझं घर आहेच. तुझं मशीन अजून खिडकीजवळच आहे. त्यावर मी अस्तराचे गठ्ठे ठेवते. मुद्दाम नाही, दुकानात जागा नाही म्हणून.

वच्छला


ब्रह्मपुरी, १६ नोव्हेंबर २०२५

दिव्यानी,

मला उत्तर नाही. इंदुताईंचा फोन मात्र उचललास. तू काय बोललीस ते त्यांनी मला शब्दाशब्दानं ऐकवलं: "मी आता कापत नाई. खुशबू येईल, तिचा हात माह्यासारखाच आहे."

तिचा हात माझ्यासारखाच! अगं, तुझ्यासारखा हात चंद्रपूर-गडचिरोलीत दुसरा नाही, हे मी तुझ्या तोंडावर कधी म्हटलं नाही, पण पाठीमागे शंभर वेळा म्हटलं. वीस मीटरचा तागा तू टेबलावर टाकायचीस, एकदा तळहात फिरवायचीस आणि कैची चालवायचीस ती थेट पलीकडच्या काठापर्यंत. मध्ये थांबणं नाही. मी शिकवलं तुला शिवणं. कापणं तू कुणाकडून शिकलीस ते मला आजपर्यंत कळलं नाही. आणि आता कोण ही खुशबू?

मी चौकशी केली. खोटं कशाला बोलू? तीस-बत्तीसची आहे, दोन लेकरांची आई, नवरा सिमेंटच्या कारखान्यात. तुमच्या दुकानाच्या पाटीवर दोघींची नावं आहेत म्हणे. आपल्या दुकानाच्या पाटीवर नुसतंच "पडदे, सोफा कव्हर, गादी" होतं. तू दोनदा म्हणाली होतीस, "बाई, नावं टाकू ना." मी म्हटलं होतं, रंगवायला पेंटर मिळत नाही. मिळत होता पेंटर.

आणि ती पट्टी. सगळीकडे "दिव्यानीपट्टी, दिव्यानीपट्टी" चाललंय. नागभीडची एक बाई माझ्या दुकानात येऊन मलाच विचारते, "दिव्यानीपट्टी येते काय तुमाले?" त्या पट्टीचा जन्म कुठं झाला ते मला विचारा म्हणावं. डॉक्टरीणबाईंचे अकरा खिडक्यांचे पडदे दहा-दहा इंच आखूड झाले नसते तर कुठली पट्टी आणि कुठला कोसा? त्या हॉलभर पाहुण्यांसमोर म्हणाल्या होत्या, "खिडक्यायले फ्रॉक घातले काय?" आणि सगळे हसले. पडदे त्यांनी घेतले नाहीत. तू ते गाठोडं बांधून नवऱ्याकडे गडचांदूरला गेलीस. फुकट कशाला घालवायचे म्हणून खाली कोसा जोडलास आणि आपल्याच घरात लावलेस. शेजारणींनी पाहिले आणि तुझं नशीब उघडलं. मी इथं बसून दुसऱ्यांच्या तोंडून ऐकत राहिले.

मी त्या दिवशी डॉक्टरीणबाईंना म्हटलं होतं, "कापणी हिची आहे." तेवढ्या एका वाक्यासाठी तू सहा वर्षं अबोला धरलास. पण कापणी तुझीच होती ना? मी खोटं काय बोलले?

पाठव तुझ्या खुशबूला. बघते हात.

वच्छला


ब्रह्मपुरी, २५ नोव्हेंबर २०२५

दिव्यानी,

आली होती ती. परवा सकाळी आरमोरीच्या स्टँडवर उतरली, हातात पिशवी, पिशवीत तुझी कैची. काळ्या मुठीची, मुठीला हिरवी चिंधी गुंडाळलेली. ती चिंधी मी गुंडाळून दिली होती, तुझ्या अंगठ्याला घट्टा पडायचा म्हणून. दुसरीच्या हातात ती पाहून माझा जीव असा जळला की मी तिला धड पाणीसुद्धा विचारलं नाही. इंदुताईंनी विचारलं.

मी तिला त्रास दिला, हेही लिहिते. धानाच्या रंगाचं कापड शेवटी नागपूरहून आणलं होतं, वेलबुट्टीचं. पडद्याच्या प्रत्येक पाखीवर वेल एकाच उंचीवर यायला पाहिजे. मी मुद्दाम तागा उलटा टाकला. तिनं न बोलता सुलटा केला. मी म्हटलं, "चुण्यांसाठी कापड अडीचपट घेते का तिप्पट, तुमच्याकडे?" ती म्हणाली, "खिडकी पाहून घेतो, बाई." कापताना तिची जीभ दातात येते. आणि प्रत्येक हातभर कापल्यावर ती थांबते, दिव्यानी. चांगलं कापते. पण थांबते. तुझ्यासारखा हात म्हणे!

दुपारी जेवायला बसलो तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, "दिव्यानी मालकीण झाली काय आता? नुसती हुकूम सोडते?"

तिनं मान वर केली. मग म्हणाली, "तुमाले नाई माहीत? ताई कैचीले हात लावत नाई. माप घेते ते तीन-तीन खेपा. लिवते, मंग मले वाचाले लावते. खडूनं आखते. अन् कैची माह्या हाती देते. मी ईचारलं एकदा, काऊन वो ताई? त म्हणे, माह्या डोक्यात घोळ आहे. आकडे दोनदा वजा होतेत अन् मले समजत नाई."

मी घास ठेवला. ती बोलतच होती. "तिच्या मायले मरायच्या आंधी भूल पडली होती ना, लेकीले ओळखत नव्हती. ताईले भ्याव वाटते का तिलेबी तेच होऊन राह्यलं. नागपूरले जाऊन डोक्याचा फोटो काढला. काही नाई निंघालं. तरी म्हणते, एक दिवस अकरा खिडक्या मी दोनदा वजा केल्या, तुले माहीत नाई."

मी इंदुताईंना पाणी मागितलं. पुढं काय बोलणं झालं ते मला सांगता येणार नाही. खुशबू दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं गेली. कापणी बरोबर आहे, काही काळजी करू नकोस.

वच्छला


ब्रह्मपुरी, २८ नोव्हेंबर २०२५

दिव्यानी,

एकच सांगायला लिहिते. त्या अकरा खिडक्यांत तुझी एकटीची चूक नव्हती. घाई होती, मापं दोघींची होती, आपला टेपही तसलाच. असं कोणाच्याही हातून होतं. तुझ्या डोक्यात घोळ वगैरे काही नाही. डॉक्टरनंही सांगितलंय ना? मग कैची घे हातात, वेड्यासारखं करू नकोस.

इंदुताईंच्या सोफ्याची कव्हरं झाली. उशांच्या अभ्र्यांच्या कडांना पायपिंग लावते आहे.

वच्छला


ब्रह्मपुरी, ९ डिसेंबर २०२५

दिव्यानी,

मागचं पत्र फाडून टाक. तसं पत्र लिहिणाऱ्या बाईला मी माझ्या दुकानात उभी करणार नाही.

आता सगळं सांगते. तुला ठाऊक असलेलंही परत सांगते, म्हणजे मला स्वतःला कुठं सूट मिळायला नको.

आपल्या टेपवर इस्त्री पडून पहिले नऊ इंच वितळले होते. नवा टेप घ्यायचा कंटाळा, म्हणून आपण दहाच्या खुणेपासून मोजायचो. वहीत लिहायचं ते टेपवर दिसेल तेच, आणि दहा वजा करायचे ते कापताना. हा आपल्या दुकानाचा नियम होता. बाहेरच्या कोणाला सांगितला असता तर तो हसला असता. आपल्याला सात वर्षांत एकदाही अडचण आली नाही.

डॉक्टरीणबाईंकडे गेलो त्या दिवशी त्यांनी तुला हॉलमध्ये बसवलं, कापडं पसंत करायला. मला म्हणाल्या, "तुम्ही खिडक्या मोजून घ्या." तुला चहा चिनीमातीच्या कपात आला. मला स्टीलच्या गिलासात, तोही खिडकीच्या कठड्यावर ठेवून गेली त्यांची बाई. खिडक्या उंच होत्या आणि एकीची उंची दुसरीला नव्हती. तिथं सुताराचं काम चालू होतं. त्यानं आपला लोखंडी टेप दिला आणि स्टुलावर चढून वरचं टोकही धरलं. तो टेप धड होता. मी वहीत खरी मापं लिहिली, त्यात वजा करण्यासारखं काही नव्हतं.

मोजत मोजत मी हॉलच्या दारापाशी आले तेव्हा डॉक्टरीणबाई तुला म्हणत होत्या, "तू चंद्रपूरले दुकान टाक, एकटीनं. तुह्यासारख्या पोरीनं हिच्यासोबत काऊन राह्यचं? हिले साधे दोन रंग जुळवता येत नाई." आणि तू हसलीस. "पाहू ना, मॅडम," म्हणालीस. तू माझी बाजू घ्यायला पाहिजे होतीस. नाही घेतलीस. "पाहू ना" म्हणालीस.

दुकानात आल्यावर तू वही उघडलीस आणि कापायला घेतलंस. पहिली खिडकी कापलीस तेव्हा मला कळलं नव्हतं, हे शपथेवर सांगते. मी मशीनला दोरा ओवत होते. दुसरीला तू पुटपुटलीस, "चौऱ्याण्णव, वजा दहा, चौऱ्याऐंशी," तेव्हा कळलं. तोंड उघडलं होतं मी. एक पडदा गेला असता, फार तर दोन. त्याच्या उशा केल्या असत्या. पण माझ्या डोक्यात आलं, फजिती होऊ दे हिची एकदा. फजिती झाली की चंद्रपूर नाही, डॉक्टरीणबाई नाही, इथंच राहील खिडकीजवळ. मी तोंड मिटलं. तिसरी झाली, चौथी झाली. पाचवीनंतर आपण चहा प्यालो. तू मला आधी दिलास आणि भांड्यात उरलेला स्वतः घेतलास. तेव्हाही बोलता आलं असतं. मग उरलेल्या सहा.

नंतर तू रडत म्हणालीस, "बाई, मी दोनदा वजा केले असन." आणि मी म्हटलं, "असेल."

तू एकदाच वजा केलेस. नियमानं केलेस. तुझा हिशेब बरोबर होता, हात बरोबर होता, डोकं बरोबर होतं. तुझ्या मायचं दुखणं तुझ्यात आलेलं नाही. माझ्या मनातली घाण तू सहा वर्षं आपलं दुखणं समजून वागवलीस.

आणखी एक लिहून टाकते, म्हणजे माझी ओळख पूर्ण होईल. ही गोष्ट मी आज पहिल्यांदा लिहायला बसले नाही. मागच्या वर्षी त्या नागभीडच्या बाईनं "दिव्यानीपट्टी येते काय" विचारलं, त्या दुपारी मी असंच पत्र सुरू केलं होतं. तेव्हा तुला सांगायचं होतं की पट्टी तुझी नाही, माझी आहे. मी गप्प बसले म्हणून ती झाली. तेवढ्यासाठी मी कबूल व्हायला तयार होते. तुझ्या नावाची मला इतकी जळजळ होती. खुशबूनं तुझं सांगितलं नसतं तर आज हे पत्रही गेलं नसतं.

माफी मागत नाही. मागितली की तुला उत्तर द्यावं लागेल. नको देऊस. फक्त कैची घे.

वच्छला


ब्रह्मपुरी, ४ जानेवारी २०२६

दिव्यानी,

हे शेवटचं. यानंतर पोस्टमन तुझ्या दारात माझं काही घेऊन येणार नाही.

डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. उभ्या उभ्याच सांगितलं की त्या पडद्यांत दिव्यानीची चूक नव्हती, माझी होती, आणि मला ती दिसत होती. त्यांनी विचारलं, "कोणते पडदे?" मी सांगितलं. त्यांना आठवेना. मग आठवल्यासारखं केलं, आणि आता आमच्या खिडक्यांना ब्लाइंडच्या पट्ट्या आहेत म्हणाल्या, पडदे लावायचं काम नाही. मी परत आले. एवढ्याशा बाईच्या एवढ्याशा बोलण्यावर मी काय करून बसले!

इंदुताईंच्या नव्या घराची घरभरणी काल झाली. खुशबूनं कापलेलं, मी शिवलेलं, खाली कोशाची पट्टी. पाहुण्या बायका पडदे हातात धरून बघत होत्या. एकीनं विचारलं, ही कल्पना कुणाची? इंदुताई दुसरीकडे होत्या. मी म्हटलं, "गडचांदूरच्या दिव्यानीची." म्हणताना दुखलं. खोटं कशाला लिहू? पण म्हटलं. गुणवंतराव त्यांच्या जाड पडद्यामागे भर दुपारी झोपले होते.

आणि आज सकाळी खुशबूचा फोन आला. तू तिला करायला सांगितलेला नव्हता, हे तिनं आधीच सांगून टाकलं. म्हणाली, "बाई, तुमचं पत्र आलं त्या दिवशी ताई दुकान बंद करून घरी गेली. मंग पंधरा-वीस दिवस काहीच बोलली नाई त्याच्यावर. काल सोफ्याचं कापड होतं, पूर्ण तागा. मी कैची घेतली त म्हणे, तू सर. अन् स्वतः कापलं. बाप्पा, मी त अशी कापणी पाह्यली नाई. थांबलीच नाई कुठी."

मी विचारलं, "माझ्याबद्दल काही म्हणाली?"

"नाई, बाई. तुमचं नाव नाई काढलं."

बरं, म्हटलं. मला आनंद झाला, दिव्यानी. दुकानाचं शटर अर्धं ओढून मी रडले, आणि ते रडणं आनंदाचं होतं. पण नंतर मी खुशबूला परत फोन लावला. विचारलं, कापड कोणतं होतं? निळं, म्हणाली. आधी तळहात फिरवला का कापडावर? फिरवला असन. पहिला काप काठाकडून घेतला की घडीवरून? मुठीला चिंधी होती ना? चेहरा कसा होता? ती म्हणाली, "आता ते नाई आठवत, बाई. मी मोबाईलवर बोलून राह्यली होती."

सहा वर्षांनी तू कैची उचललीस, ती हातभर अंतरावर उभी होती, आणि तिला आठवत नाही.

वच्छला